शर्यतीत हवा बिघडली तर: बंदरात केव्हा शिरायचं, आत काय करायचं आणि बाहेर केव्हा पडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खडकवासल्याच्या पाण्यावर काही वर्षं डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी, चालवलीत, आणि आता मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या शर्यतीत एका चाळीस फुटी बोटीवर क्रू म्हणून पहिल्यांदा लांबच्या समुद्रात निघालात. स्किपर, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणाले, "हवा बिघडली तर मध्ये एखादं बंदर धरू." तेव्हापासून तुमच्या डोक्यात तीन शंका आहेत. बंदर धरणं म्हणजे शर्यत अर्धी सोडून देणं नाही का? आत गेल्यावर नुसतं बसून राहायचं का? आणि परत बाहेर पडायची वेळ कशी ठरते? शेवटी घरच्यांना काय सांगायचं, हेही विचारलंय. मी नौदलात शिडाच्या बोटींवर बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर पुण्यात राहतो आणि हिवाळा आला की किनारा गाठतो. त्या अनुभवावरून लिहितो.

शर्यत सोडल्यासारखं होत नाही. जगातले कसलेले लोकही थांबतात. २००९ च्या जानेवारीत व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीच्या सिंगापूर ते चिंगदाओ टप्प्यात लुझॉनच्या उत्तरेला समुद्र असा खवळला की काही बोटींनी शर्यत तात्पुरती थांबवली आणि फिलिपिन्सच्या किनाऱ्याचा आडोसा घेतला. हाच ताफा महिनाभर आधी आपल्या कोचीला येऊन गेला होता. २०२३ मध्ये ट्रान्सॅट जॅक व्हाब्र या फ्रान्सहून अटलांटिक ओलांडणाऱ्या शर्यतीच्या वेळी सिआरान वादळ येत होतं, तेव्हा आयोजकांनीच क्लास ४० च्या, म्हणजे चाळीस फुटी, बोटी लोरिआँ बंदरात थांबवल्या आणि साठ फुटी इमोका बोटींची सुरुवात ७ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली. लाजेचा प्रश्न इथेच निकाली निघतो. खरा प्रश्न वेळेचा आहे, आणि तुमचे स्किपर बंदर "केव्हा" धरणार हे तुम्ही त्यांना निघण्याआधीच विचारायला हवं.

बंदर ही सोय ठरावीक वेळेपुरतीच असते. कोकणची किनारपट्टी जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण. वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा झाला की अख्खा किनारा तुमच्या वाऱ्याखाली येतो, म्हणजे वारा आणि लाटा मिळून तुम्हाला खडकाकडे ढकलत असतात. त्या अवस्थेत खाडीचं तोंड शोधत किनाऱ्याजवळ जाणं हे समुद्रात राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. ज्या बंदरात दुपारी दोनला तुम्ही आरामात शिरला असता, तेच बंदर रात्री दहाला बोटीचा जीव घेऊ शकतं.

१९९८ ची सिडनी-होबार्ट शर्यत यासाठी प्रत्येक क्रूने समजून घ्यावी. ६२८ सागरी मैलांची ही शर्यत २६ डिसेंबरला दुपारी एक वाजता सुटली. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचा वादळाचा वरच्या दर्जाचा इशारा आला दोननंतर, म्हणजे बोटी निघून तासभर झाल्यावर. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधल्या बास सामुद्रधुनीत काय झालं ते जगाला माहीत आहे: ११५ पैकी ४४ बोटी होबार्टला पोचल्या, ५ बुडाल्या, सहा माणसं गेली. सामुद्रधुनीच्या अलीकडचं शेवटचं चांगलं बंदर म्हणजे ईडन. बऱ्याच बोटी तिथे शिरल्या आणि वाचल्या. पण 'सोर्ड ऑफ ओरायन' या बोटीची गोष्ट वेगळी आहे. शर्यत सोडायचं ठरवून ती ईडनकडे परत फिरली होती आणि त्या परतीच्या वाटेवर एका लाटेने तिला पूर्ण उलटी करून सरळ केली. त्यात ऑलिंपिक खेळलेला एक खलाशी वाहून गेला. त्याच वर्षी वेळ-सवलतीच्या (प्रत्येक बोटीच्या क्षमतेप्रमाणे वेळ कमी-जास्त धरण्याच्या) हिशेबाने पहिली आली ती 'एएफआर मिडनाइट रॅम्बलर' नावाची अवघी ३५ फुटांची बोट, न थांबता पुढे जाऊन. म्हणून मी कुणाला "वादळ आलं की वळा" असं सांगत नाही. वादळाच्या पोटात शिरल्यावर वळणं म्हणजे लाटांना वेगळा कोन देणं, आणि तो कोन वाईटही असू शकतो. वळायचं तर आधी वळायचं. त्या शर्यतीत आता सामुद्रधुनी ओलांडण्याआधी ग्रीन केपजवळ प्रत्येक बोटीला रेडिओवरून कळवावं लागतं, की बोट आणि माणसं पुढे जायला ठीक आहेत. हा नियम १९९८ नंतरचा. तुमच्या शर्यतीत असा नियम नसला तरी आपल्यापुरता तो करून घेता येतो.

हिशेब असा करा. समजा तुम्ही जयगडसमोर आहात आणि देवगड दक्षिणेला साधारण ५५ सागरी मैलांवर आहे. बोटीचा चांगल्या वाऱ्यातला वेग ७ नॉट (ताशी सात सागरी मैल), म्हणजे आठ तास. अंदाज म्हणतो की जोराचा वारा बारा तासांनी येईल. कागदावर चार तास शिल्लक दिसतात. पण वारा येण्याआधी बहुधा पडतो, मग वेग ७ चा ४ होतो आणि आठाचे चौदा तास होतात. शिवाय अंदाजातली वेळ दोन-चार तास अलीकडे सरकणं रोजचंच आहे. म्हणून माझा दंडक साधा आहे: अंदाजात जेवढे तास दिलेत त्याच्या निम्म्या वेळात, तेही आत्ता आहे त्या वेगाने, बंदरात पोचता येत असेल तरच पुढचं बंदर धरायचं. नाहीतर जवळचं जयगड. आणि तेही जमत नसेल, तर किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात जायचं. त्याबद्दल पुढे बोलतो.

अंदाजातल्या आकड्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाऱ्याचा दिलेला वेग सरासरी असतो. झोत त्यापेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतो आणि एखादी लाट दिलेल्या उंचीच्या दुप्पट असू शकते. ऑस्ट्रेलियाच्या समुद्री अंदाजात हा इशारा छापलेलाच असतो. १९९८ च्या चौकशीत हेच पुढे आलं होतं, की अनेक खलाशांना सरासरी आणि कमाल यातला फरकच ठाऊक नव्हता. तेव्हा ३० नॉट आणि तीन मीटर वाचलं की मनात ४२ नॉट आणि सहा मीटर धरा. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चा ४० नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. खडकवासल्याला मे महिन्यात वळवाचा झोत डिंगीवर आदळतो तेव्हा हे अंगाने कळतं. ती समज समुद्रावर कामी येते, वाया जात नाही.

बॅरोमीटर वाचायची सवय तर पुण्यात घरबसल्या करता येते. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी, आणि दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल सहज उतरतात. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, त्यामुळे आकडा ९५० च्या घरात दिसेल, पण हेलकावा तोच. बऱ्याच फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो. दोन आठवडे वहीत आकडे मांडा. मग समुद्रावर दुपारी दाब उतरलेला पाहून तुम्ही घाबरणार नाही. आणि सकाळी दहाला, जेव्हा तो चढायला हवा, तेव्हा तो उतरताना दिसला तर हसण्यावारी नेणार नाही. रोजचा हेलकावा वजा करून नेहमीपेक्षा ३ हेक्टोपास्कल कमी दिसला तर सावध व्हायचं, ५ कमी दिसला तर वादळ जवळ आहे असं धरून चालायचं. शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसवरून रोज जाता-येता आपण त्या इमारतीकडे बघतही नाही, पण हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथेच आलं. त्यांचे किनारपट्टीचे आणि मच्छीमारांसाठीचे इशारे रोज वाचत चला. ॲपवरच्या रंगीत बाणांच्या आधी ते वाचा.

आता बंदर कुठलं. आपल्याकडे शर्यतींचा मोसम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. हवा एरवी गुणी असते, पण नोव्हेंबर आणि डिसेंबरची सुरुवात यांच्यावर विसंबू नये. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला किनाऱ्यावर आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांच्या घरांत अजून त्याचं नाव काढलं की आवाज खाली येतो. ओखी आलं २०१७ च्या नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात. अशी वादळं किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकतात तेव्हा त्यांचा मध्य आपल्या पश्चिमेला समुद्रात असतो. वारा त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून कोकणात तो आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा आणि वादळ पुढे सरकलं की नैऋत्येचा होतो. नवखा माणूस आत्ताच्या वाऱ्याला आडोसा देणारी जागा निवडतो. पूर्वेचा वारा आहे, किनाऱ्याखाली पाणी तळ्यासारखं शांत आहे, टाक नांगर. सहा तासांनी वारा फिरतो आणि तीच जागा उघडी पडते. जागा निवडायची ती शेवटी येणाऱ्या वाऱ्यासाठी. देवगडला नैऋत्येच्या वाऱ्याला डोंगर आडवा येतो, म्हणून वादळात गुजरात-कर्नाटकच्या बोटीही तिथे शिरतात. ओखीच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी, ९५२ माणसं, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर सुखरूप लागली होती. त्यांच्याकडे रंगीत नकाशे नव्हते. कुठल्या वाऱ्याला कुठला डोंगर आडवा येतो हे तांडेलांना, म्हणजे मच्छीमार बोटींच्या प्रमुखांना, ठाऊक असतं. निघण्याआधी वाटेवरच्या दोन-तीन बंदरांतल्या जाणत्या तांडेलांशी बोलून ठेवा, तोंडाशी खडक कुठे, वाळू कुठे साचलीय, रात्री कुठला दिवा नीट दिसतो. शिरतानाच बंदर खात्याने कितव्या नंबरचा बावटा लावलाय तेही बघा. तीन नंबर म्हणजे बंदरावरच वादळी वाऱ्याची शक्यता. तिथून आकडा चढत गेला तर तुमचा मुक्काम वाढणार.

शर्यतीचे नियम याबाबतीत बरेच समंजस आहेत, पण माहीत असायला हवेत. शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतल्या नियम ४५ प्रमाणे सुरुवातीची तयारीची खूण झाल्यावर बोट धक्क्याला बांधता येते ती फक्त पाणी उपसायला, शिडं आखडायला किंवा दुरुस्तीसाठी. नांगर मात्र केव्हाही टाकता येतो, आणि पुन्हा निघताना तो उचलून घ्यायचा. म्हणून शक्य असेल तिथे मी धक्क्यापेक्षा नांगराला पसंती देतो. इंजिन लावून आत शिरायचं असेल तर शर्यतीच्या सूचनापत्रात त्याची परवानगी आहे का, लॉगमध्ये काय नोंदवायचं, आणि परत कुठून शर्यत धरायची, हे आधी वाचा. सहसा जिथे इंजिन लावलं तिथे किंवा त्याच्या मागे येऊन सुरू करावं लागतं. नियम ४१ बाहेरच्या मदतीचा. सगळ्यांना खुली असलेली माहिती चालते, जखमी किंवा आजारी माणसाला मदत चालते. पण पुण्यातल्या मित्राला फोन करून "जरा बघून सांग रे, केव्हा निघू" असं विचारणं यात बसत नाही. बंदरात फोनला रेंज असते आणि मोह तिथेच होतो. डिझेल, सुटे भाग, धक्क्यावरच्या मेकॅनिकचा हात, या सगळ्याबद्दल आधी सूचनापत्र आणि मग शर्यत समिती. आणि नियम ३ सर्वांत महत्त्वाचा: शर्यतीत उतरायचं की नाही आणि चालू ठेवायची की नाही, याची जबाबदारी त्या बोटीची एकटीची. आयोजकांनी शर्यत थांबवली नाही म्हणून आपण जात राहिलो, हे उत्तर होत नाही.

आत शिरल्या शिरल्या रेडिओवरून समितीला जागा, वेळ आणि सगळे ठीक आहेत हे कळवा. मग बोट बांधणं. मासेमारी बंदरात तुमच्या शेजारी लाकडी किंवा लोखंडी ट्रॉलर असतील आणि त्यांचा प्रत्येक धक्का तुमच्या फायबरच्या अंगावर येईल. बांधायचंच असेल तर त्यांच्या रांगेच्या आतल्या बाजूला जाऊ नका, बाहेर राहा. पुढचा, मागचा असे दोर आणि दोन तिरके स्प्रिंग दोर, ज्यांनी बोट पुढे-मागे सरकत नाही. दोर नायलॉनचाच, कारण तो ताणतो आणि हिसका पोटात घेतो. दोर क्लीटवरून, म्हणजे बांधायच्या खुंटीवरून, निघून जिथे काठावर घासतो तिथे हात ठेवून बघा: तासाभरात ती जागा गरम लागते आणि तंतू पिंजायला लागतात. तिथे जुन्या होजपाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून दोरावर चढवा, सुतळीने दोन्ही टोकं आवळा. वादळात बांधलेल्या बोटी सुटतात त्या बऱ्याचदा गाठ सुटून नाही, दोर घासून. दर दोन तासांनी दोर वीतभर सोडून घासणारी जागा बदला. भरती-ओहोटीचा फरक मुंबईत उधाणाला पाच मीटरच्या घरात जातो, दक्षिणेकडे तो निम्म्यावर येतो, तरीही रात्री ओहोटीला आखूड दोराने बोट धक्क्याला टांगली जाऊ शकते. नांगरावर असाल तर भरतीच्या वेळच्या खोलीच्या किमान पाचपट साखळी-दोर, जोराच्या हवेत सातपट. पाच मीटर पाणी आणि एक मीटर बोटीचं नाक म्हणजे सहा मीटर, साताने बेचाळीस मीटर. एवढं फिरायला जागा आहे का, ते आधी बघायचं.

यानंतरचं काम सगळ्यांना कमी वाटतं आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचं: झोप. पाळी लावा, एकजण नांगर आणि दोरांवर, बाकी सगळे झोपणार. बंदरात उतरल्यावर पोरं चहाच्या टपरीवर गप्पा मारत बसतात, फोनवर व्हिडिओ पाठवतात आणि निघायच्या वेळी तेवढीच थकलेली असतात जेवढी येताना होती. मी स्किपर असताना सांगायचो: आधी सुके कपडे, मग गरम जेवण, मग झोप, आणि दुरुस्ती झोपेनंतर. पोट ढवळून निघालेल्या माणसाला तिखटाचा रस्सा देऊ नका. मऊ भात, मेतकूट, वर चमचाभर तूप. ते टिकतं. मेतकुटाची बरणी पुण्याहून नेलेली बरी, तिथल्या दुकानात मिळेलच असं नाही.

जागे झालात की बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं ती जागा, कोरडी करा, पंपाच्या तोंडाशी कचरा अडकलाय का बघा, मेनसेलचा, म्हणजे मोठ्या शिडाचा, तिसरा रीफ (शीड आखडायचा तिसरा टप्पा) आत्ताच, शांत पाण्यात बांधून ठेवा, स्टॉर्म जिब, म्हणजे पुढचं छोटं वादळी शीड, बाहेर काढून लावायचा सराव करा. प्रत्येकाच्या हार्नेसची, म्हणजे स्वतःला बोटीशी अडकवायच्या पट्ट्याची, कडी तपासा. डोलकाठीला धरणाऱ्या तारांच्या टोकाशी सुती फडका फिरवा: एखादी तार तुटली असेल तर फडका अडकतो. ही सगळी कामं बाहेर, हलत्या बोटीवर, एक हात बोटीला धरून करावी लागली असती.

मग वाट बघणं उरतं. ते अवघड आहे, त्याचं कारण घड्याळ. बंदरात थांबलेला वेळ कुणी वजा करून देत नाही, तुमचा एकूण वेळ चालूच असतो. आणि हातातल्या फोनवर सगळ्या बोटींच्या जागा दाखवणारा ट्रॅकर: अमकी बोट थांबली नाही, ती आता विजयदुर्ग ओलांडून गेली. क्रूमध्ये इथे भांडणं होतात. तो ट्रॅकर तुम्हाला त्या बोटीचा ठिपका दाखवतो, तिच्यावरची माणसं किती आजारी आहेत, रडर (सुकाणू) वाजतोय का, हे दाखवत नाही. मी ट्रॅकर बघायला मनाई करत नाही, पण निघायचा निर्णय ज्या बैठकीत होतो तिथे फोन बाजूला ठेवायला लावतो. बैठकीची वेळही ठरलेली असावी, नवा अंदाज आल्यावर, दिवसातून दोनदा. अधल्यामधल्या वेळात कुणी "आता निघूया का" असं विचारायचं नाही. आणि बैठकीत सर्वांत कमी अनुभवी माणसाने आधी बोलायचं. म्हणजे तुम्ही. तुमची भीती स्किपरांना कळायला हवी, ती त्यांच्या हिशेबातला एक आकडा आहे.

बाहेर पडण्याचा निर्णय आत शिरण्यापेक्षा कठीण, कारण बंदरातून दिसतो तो वारा, आणि धोका असतो तो पाण्यात. वारा दोन तासांत पडतो. लाटा पडायला दिवस लागतो, कधी जास्त. त्यात वारा फिरलेला असल्यामुळे जुन्या लाटा दक्षिणेकडून आणि नव्या नैऋत्येकडून, अशा एकमेकींवर चढतात. ऊन पडलेलं असतं, आकाश धुतल्यासारखं असतं, आणि सगळ्यांना निघायची घाई झालेली असते. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की ती फुटते. म्हणजे अडीच मीटरची लाट सव्वातीन मीटर पाण्यावर फुटणार. तुमच्या बोटीचा कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, दोन-सव्वादोन मीटर खाली असेल. दोन लाटांच्या मधल्या खळग्यात तिथे कीलखाली पाणी उरतच नाही. त्यात ओहोटी चालू असेल तर खाडीचं पाणी बाहेर धावतं, समोरून येणारी लाट त्याने आखडते, उंच आणि उभी होते. म्हणून ओहोटीच्या जोरात तोंडातून कधीच बाहेर पडायचं नाही. भरती संपत आली असताना, पाणी थबकण्याच्या आधीचा तास सर्वांत चांगला. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाचा जोर जास्त आणि भांगाच्या दिवसांत कमी, हेही पंचांगावरून आधीच काढून ठेवता येतं: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

निघण्याआधी दोघांनी उंच जागी, डोंगराच्या टोकावर किंवा किल्ल्याच्या तटावर चढायचं आणि अर्धा तास नुसतं तोंडाकडे बघायचं. पहिली दहा मिनिटं काही कळत नाही. मग लाटांचे गट दिसायला लागतात: लहान, लहान, मग तीन-चार मोठ्या, परत लहान. मोठ्या गटात बांधाच्या मधोमध पांढरं फुटतंय का? एकदाही फुटलं तर थांबायचं, मग वारा कितीही शांत असो. फुटत नसेल तर दोन गटांमधला वेळ मोजा, आणि तुमच्या बोटीला त्या बांधावरून जायला किती वेळ लागेल त्याच्याशी ताडून बघा. मच्छीमार काय करतायत तेही बघा. मोठ्या होड्या त्या वेळी जेटीवरच असतील तर कारण विचारा. मात्र ते निघाले म्हणून आपणही निघायचं, असंही करू नका. त्यांच्या होडीचा तळ सपाट, पाण्यात जेमतेम, आणि इंजिन तुमच्यापेक्षा कितीतरी दांडगं.

इंजिन चालू, शिडं रीफ करून वर, सगळे हार्नेसमध्ये, खालची दारं बंद, नांगर लगेच टाकता येईल असा तयार. अशा तयारीने तोंडातून बाहेर पडायचं, सूचनापत्र परवानगी देत असेल तर इंजिनवर, नाहीतर शिडावर पण इंजिन गरम करून ठेवून. आणि बाहेर आल्यावर लगेच दक्षिणेला वळू नका. आधी सरळ समुद्रात, वीस-पंचवीस मीटर खोलीपर्यंत. तिथे लाट लांब होते, बोटीला श्वास घेता येतो.

आत शिरायची वेळ निघून गेली असेल तर काय, हे मघाशी राहिलं. तेव्हा किनारा सोडायचा. रात्र पडायच्या आत जेवढं अंतर कापता येईल तेवढं पश्चिमेला, स्टॉर्म जिब आणि तिसऱ्या रीफवर. तिथे बोट हीव्ह टू करून, म्हणजे जिब उलट्या बाजूला ओढून आणि बोट वाऱ्याकडे वळू पाहील असं सुकाणू बांधून, जवळजवळ जागच्या जागी ठेवता येते. ती ताशी एक-दोन मैल वाऱ्याखाली सरकत राहील, म्हणून बारा तासांच्या वादळाला पंचवीस मैल मोकळं पाणी हाताशी लागतं. बोट अगदी गुडघ्यावर आली तरी तिला सोडून राफ्टमध्ये, म्हणजे जीव वाचवायच्या तराफ्यात, उतरायची घाई करू नये. इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून येणाऱ्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, स्पर्धकांपैकी १५ जणांचा जीव गेला. माणसांनी सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी १९ नंतर तरंगत सापडल्या.

घरच्यांबद्दल. त्यांना ट्रॅकरची लिंक द्या, पण सोबत हेही सांगा की ठिपका तासन्‌तास हलला नाही तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ बोट बंदरात आहे असाच असतो, आणि काही तास ठिपका गायब झाला तर बॅटरी किंवा उपग्रहाचं कारण असू शकतं. शर्यत समितीचा नंबर एकाच माणसाकडे ठेवा, आई-वडील, मामा, मावशी सगळ्यांनी फोन करून समितीची लाइन अडवू नये. बंदरात पोचलात की तुम्ही एकच फोन करायचा, दोन मिनिटांचा: कुठे आहोत, सगळे ठीक आहेत, पुढचा फोन गोव्याहून. निघायची वेळ त्यांना देऊ नका. ती तुम्हालाही ठाऊक नसते आणि एकदा सांगितली की तिचंच ओझं बैठकीत तुमच्या मानेवर बसतं. आणि शर्यत सोडायचं ठरलं तर घरी कळवण्याआधी समितीला कळवा. न कळवता बोट बंदरात झोपून राहिली तर तुमच्यासाठी कोस्ट गार्डचं विमान त्याच हवेत उडू शकतं.